घरी आलेलं माणूस

मंगरूभाऊ, तू गेला त्याले आज पाच दिवस झाले, अन् या पाच दिवसांत लोकांनी तुझा पार देव करून टाकला. काल बांधाच्या पलीकडचा एक बुढा आंगणात येऊन बसला. म्हणे, "असा न्यायी माणूस या काठाले झाला नाही. लहानपणापासूनच तसा." मी पदराआड हसली. लहानपणापासून म्हणे! तुझा समोरचा दात पडला नसता तर तू कोणत्या न्यायाच्या भानगडीत पडला असता, सांग बरं? दात पडला म्हणून तू पंच बोलावले. बाकीचा न्याय मागून आला, अन् तो बी मी ओढत आणला.

रागावू नको. मी तुझ्या बायकोची वयनी, तुझ्या साळ्याची बायको. तुले चार शब्द बोलायचा माझा हक्कच होय, अन् आता तर तू उलटून बोलत बी नाही. मले लिहिता येत नाही. म्हणून तुझ्या रिकाम्या खाटेजवळ बसून बोलून राहिली.

एक गोष्ट मनाले लागून आहे. मागच्या सोमवारी तू याच खाटेवर तापानं पडून होता. रुखमा पाणी आणायले गेली, तेवढ्यात तू मले जवळ बोलावलं. म्हणला, "वयनी, एक काम करशील? रुखमानं मले माफ केलं का, तिले विचारशील?" मी म्हटलं, "बायको तुझी, तोंड तुझं, तूच विचार." तू म्हणला, "मले भेव लागते." अन् मी हसली, भाऊ. एवढा बुढा झाला अन् बायकोले भेते, म्हणून हसली. म्हटलं, ताप उतरू दे, मंग पाहू. बुधवारी तू गेला. पाच दिवस झाले, तुझा सवाल मी पदरात बांधून फिरून राहिली.

तू आमच्या घरी आला तेव्हा सतरा-अठराचा असशील. तुझ्या बापाजवळ पोरीच्या बापाले देज द्यायले काही नव्हतं. म्हणून आपल्या रीतीनं तुले लमसेना आणलं. पाच वरसं सासऱ्याच्या घरी राबायचं, जाळं ओढायचं, धान रोवायचं, अन् मंग रुखमा तुझी. काखेत एक गाठोडं घेऊन तू दारात उभा होता. मामाजी, आपल्या दोघांचे सासरे, तुले वरपासून खालपर्यंत पाहून राहिले होते, बैल घेताना पाहतेत तसे. मी चुलीजवळून पाहत होती. तीन सालं पहिले मले बी त्यांनी तसंच पायलं होतं.

मामाजीचा हात सुटला की सुटला. तुझा साळा त्याच वळणावर गेलेला. सासूबाईच्या हातात चाटू राहे, तो भाताच्या गंजात कमी अन् माझ्या पाठीवर जास्त. त्या घरात मार खाणारे आपण दोघंच. रुखमाले कोणी बोटही लावत नव्हतं, ती घरची लेक. हे मले तेव्हा दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता.

मंग तो दिवस आला. जाळं पाण्यातल्या खुंटाले अडकून फाटलं, अन् मामाजीनं डोंग्यातच वल्हं फिरवलं. तू घरी आला तो तोंड रक्तानं भरलेलं अन् मुठीत दात. मी हळद लावून देत होती. पदर सरकला अन् माझ्या दंडावरचा काळानिळा वळ तुले दिसला. तू विचारलं, "कोणी मारलं?" मी म्हटलं, "तुले ज्यानं मारलं त्याच्याच लेकानं." काय झालं कोण जाणे, आपण दोघं हसायलेच लागलो. तू हसला अन् "अवो माय वं" करून तोंड धरून खाली बसला. त्या घरात मी पाच सालांत पहिल्यांदा हसली होती.

हसून झाल्यावर तू म्हणला, "मी पंच बोलावतो. लमसेन्याले मारायची रीत नाही. बापानं मले राबायले दिलं, मार खायले नाही."

मी म्हटलं, "अन् माझं?"

तू डोळे मोठे करून पायलं. खरंच तुले समजलं नव्हतं. म्हणला, "तुझं काय? तू तर सून होय."

तीन दिवस मी तुझ्या पेजीत मीठ टाकलं नाही. तू बिचारा गुमान पीत राहिला. चौथ्या दिवशी हळूच विचारलं, "वयनी, मीठ सरलं का?" मी म्हटलं, "मीठ आहे. सुनेच्या हातून पडत नाही." तू नाक खाजवलं अन् निघून गेला.

पंच बांधावर बसले, मोहाच्या झाडाखाली, भर दुपारी. तू उभा राहिला अन् बोलायले लागला, तर दात नसल्यानं 'स' चा 'फ' होऊन राहिला. "फाफऱ्यानं मारलं" म्हटलं अन् सारी पंचाईत पोट धरून हसली. जवान टुरा, अन् मार खाल्ला म्हणून रडत आला! तुझे कान लाल झाले होते. मले तुझी दया बी आली अन् राग बी आला. कारण हसून झाल्यावर पंच सरसावून बसले ना, भाऊ! माणसानं मार खाल्ला तर लोक पहिले हसतेत, मंग न्याय करायले बसतेत. बाईनं मार खाल्ला तर हसत बी नाही अन् बसत बी नाही. सकाळी चूल पेटते, तशी ती गोष्ट. त्यात कोण काय सांगन अन् कोण काय ऐकन?

म्होरक्या बुढ्यानं निकाल सांगितला. "दुसऱ्याच्या घरून आलेल्या माणसावर हात उचलायचा नाही. ज्यानं उचलला त्यानं पंचाले जेवण द्यायचं. ज्याले मार पडला तो पहिले जेवन. मारणाऱ्यानं त्याच्या हातावर पाणी टाकायचं, अन् त्याचं जेवण झाल्याशिवाय घास नाही घ्यायचा." लोकांनी माना डोलावल्या. बुढ्याले जेवणाची भारी हौस, हे बी सगळ्यांना ठाऊक होतं.

मी बायांत मागं बसली होती. उठायचं असं ठरवलं नव्हतं, पण उठली. पदर डोक्यावर घट्ट धरला अन् म्हटलं, "मी बी दुसऱ्याच्या घरून आली. मी माणूस होय का नाही, तेवढं सांगा."

एक पंच म्हणे, "तू बाईमाणूस."

मी म्हटलं, "मंग माणूस त्यात आलंच ना, अजी?"

बायांनी पदर तोंडात कोंबले. तुझ्या साळ्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पायलं की घरी गेल्यावर माझी हाडं राहत नाही, हे पक्कं होतं. बुढा दाढी खाजवत म्हणला, "ठीक आहे. पण तुले मारतेत याची साक्ष कोण देते? घरातली गोष्ट घरातल्यानं सांगावी." सासूबाई जमिनीकडे पाहायले लागल्या. रुखमा त्यांच्यामागं लपली, चौदाचं लेकरू ते.

तू मान खाली घालून अंगठ्यानं माती उकरून राहिला होता. मले सारं समजत होतं. तुझा निकाल लागला होता. तू चूप राहिला असता तर कोणी तुले नाव ठेवलं नसतं. अन् बोलला असता तर मामाजीनं त्याच पावली हाकललं असतं, दोन सालांची राबणूक पाण्यात अन् रुखमा बी गेली. मी मनात म्हटलं, हा नाही बोलत. कायले बोलन?

अन् तू उठला. "होय. वयनीले बी मारतेत. मी पायलं." त्यात 'स' नव्हता, म्हणून कोणी हसलं नाही.

मेल्या, त्या दिवसाचं मी तुले कधी बोलून दाखवलं नाही. माय वं, हा 'मेल्या' शब्द आता तोंडात कसा लागते! आजवर तुले दिवसातून दहादा मेल्या म्हटलं असेल. तर ऐक. तुझ्या दातासाठी तू पंचात गेला, हे खरं. पण माझ्यासाठी उठला तेव्हा तुले काही मिळायचं नव्हतं, जायचं होतं. मी जन्मभर तुले टोमणे मारत राहिली, कारण उपकार म्हटलं की मले रडू येते, अन् रडलेलं मले चालत नाही.

पुढची गंमत तुले आठवते ना? मारलं हे कोणी नाकारलं नाही. भांडण लागलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. बाई पंचाच्या पहिले कशी जेवन? त्याच्यावर दिवस बुडायले आला. कोणी म्हणे पाप लागन, कोणी म्हणे उद्या डोक्यावर बसन. शेवटी बुढा खवळला. "शब्द माझ्या तोंडून गेला. थुंकून चाटणारा मी नाही. अन् मले भूक लागली."

मी अख्ख्या गावासमोर पत्रावळीवर बसली. मामाजीनं पाणी टाकलं, मंग तुझ्या साळ्यानं टाकलं. गरम भात, वरून मासे, अन् मले एक घास खाली उतरेना. नुसते डोळे वाहून राहिले. तू बाजूच्या पत्रावळीवरून कुजबुजला, "वयनी, जेव ना लवकर. मागं लोक भुके आहेत." तेव्हा कुठं घास गेला.

तुझ्या साळ्याचा हात एका दिवसात थांबला असं नाही. त्यानंतर दोनदा उठला, अन् दोनदा मी पंचाच्या पहिले जेवली. तिसऱ्यांदा उठला तो वर गेला, तिथंच थांबला, अन् त्यानं आपलंच डोकं खाजवलं. मी म्हटलं, "उवा झाल्या का?" तो हसला. त्यानंतर आम्ही नवरा-बायकोसारखे राहिलो. मामाजी तुझ्याशी सालभर बोलले नाही, पण हाकललं बी नाही. पंचाचं भेव होतं. अन् तुझ्यासारखा डोंगा चालवणारा त्यांना फुकटात कोण देत होतं?

सासूबाईचा मात्र माझ्यावर राग राहिला. एक दिवस धान पाखडता पाखडता, माझ्याकडे न पाहता म्हणल्या, "माझ्या वेळेस काऊन नाही उठलं कोणी?" मी त्यांच्या हातून सूप घेतलं अन् म्हटलं, तुम्ही बसा. मानमोडीच्या साथीत त्या गेल्या, मामाजी बी गेले. त्या चाटूच्या माराची मी मनातून माफी देऊन टाकली. मामाजीची अजून नाही दिली.

इथंच आपलं भांडण सुरू झालं, जे तू अर्धं टाकून गेला. तुझं म्हणणं एकच. "वयनी, बाई-माणूस असं काही नाही. जो दुसऱ्याच्या घरी येते तो मार खाते. मी आलो, मी खाल्ला. तू आली, तू खाल्ला. रुखमा घरची, तिले कोणी हात लावत नाही." ऐकायले किती बरोबर वाटे! मी म्हणे, "मंग सासूबाई बी दुसऱ्याच घरून आल्या होत्या. त्या काऊन मारत होत्या?" तू म्हणे, "त्यांचे परकेपणाचे दिवस सरले होते." मी म्हणे, "तुझे पाच सालांत सरणार. त्यांचे सरायले दात पडले. माझे कधी सरतेत?" मंग तू नाक खाजवत डोंग्याकडे जाय.

तुझी पाच सालं सरली. मानमोडी ओसरल्यावर लगन लागलं अन् तू रुखमाले घेऊन पाण्याच्या पलीकडं, तुझ्या बापाच्या घरी गेला. मी तुझं गाठोडं बांधून दिलं. मले वाटलं, चला, एक तरी लेक सुखात पडली. ज्यानं मार खाल्ला तो कायले मारन?

सहा महिने झाले नसतील. भर उन्हात रुखमा माहेरी आली, गालावर पाच बोटं घेऊन. न सांगता शेजारच्या गावी मैत्रिणीच्या लेकीच्या बारशाले गेली, एवढंच तिचं चुकलं. मी तिले घरात बसवलं, डोंगा सोडला अन् एकटीच तुझ्याकडे आली. तू आंगणात जाळं विणत होता. मले पाहून उठला अन् म्हणला, "वयनी, हात लागला."

"हात लागला म्हणते! हाताले पाय फुटले का, चालत जाऊन लागला?"

मी विचारलं, "रुखमा कोणाच्या घरून आली?"

अन् मी पायलं, तुझ्या तोंडाचं पाणी पळालं. तू तसाच खाली बसला. मंग म्हणला, "वयनी, माझी पाळी सरली, अन् तिची सुरू झाली." मी म्हटलं, "हेच तर मी तीन सालं बोंबलून राहिली. तुझी सरते. आमची नुसती एका घरातून दुसऱ्या घरात जाते." मले जिंकल्याचा आनंद व्हायले पायजे होता. झाला नाही. तुझ्यावर माझा जीव होता रे, अन् तुझ्या हाताची मले किळस आली होती.

पण तू जे केलं ते या काठावर कोणी केलं नव्हतं. कोणी बोलवायच्या पहिले तूच पंचाकडे गेला. म्हणला, "मी मारलं. जेवण मी देतो." पंच दुसऱ्यांदा हसले. मारणारा आपणच सांगायले आला, असं त्यांनी पायलंच नव्हतं. बुढा हसला नाही. रुखमा पहिले बसली. तू पाणी टाकलं. बुढ्यानं तिले विचारलं, "पोरी, माफ केलं का याले?" रुखमानं मान वर नाही केली. हळूहळू, एक एक शीत वेचून जेवत राहिली. तुझ्या पत्रावळीवरचा भात थंडा होऊन गेला. मले वाटलं, लाजली पोरगी.

त्यानंतर तुझं नाव झालं. कुठं काही झालं की लोक तुले बोलावत, अन् तू मले संगं घेऊन जाय. "बाया तुले सांगतेत, मले सांगत नाही," म्हणे. आठव बरं, या पंचवीस सालांत आपल्यापुढं कोण कोण आलं? लमसेने बोटावर मोजावे एवढे. एक तो आंधळा बाप, लेकाच्या हातचा मार खाणारा. मी म्हटलं, हा तर आपल्याच घरात होता, तुझी गोष्ट कोठी गेली? तू म्हणला, "बुढापणात घर लेकाचं होते, बाप परका होते." तू हार मानायचा नाहीच! पण बाया, भाऊ? बाया मोजायले बसलो तर सांज होत होती. दर घरून एक. नवऱ्याच्या हातून, दिराच्या हातून, सासूच्या हातून. तू एकदा थकून म्हणला, "वयनी, तुझं खरं असेल." मी म्हटलं, "असेल नाही, आहे." "अर्धं तुझं, अर्धं माझं," म्हणे. ते अर्धं अजून बाकी आहे. कोणाशी भांडू आता?

सारं सुधरलं असं मी म्हणत नाही. दोन कोसांवर अजूनही बाई रडते अन् शेजारी दार लावून घेतेत. पण परवाची गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या सुनेले मी पंचातली ती गोष्ट सांगितली, मी उठून विचारलं ती. पोरगी भांडे घासत ऐकत होती. म्हणे, "आतेबाई, पण विचारलं काऊन? बाई माणूस नाही, असं बी कोणाले वाटत होतं का?" मी तिच्याकडे पाहतच राहिली. तिले सवालच समजला नाही, मंगरूभाऊ! ज्या सवालासाठी मी पंचापुढं उठून उभी राहिली, तो तिले समजलाच नाही. तुले हे सांगायले मी धावत येणार होती, अन् तू तर गेलेला.

आता तुझं काम. आज सकाळी रुखमा दहाव्याच्या जेवणासाठी पानं टोचत बसली होती. मी बाजूले बसली अन् दोन-चार पानं टोचल्यावर सांगून टाकलं. ताप होता तेव्हा तू काय विचारलं, मी कशी हसली, सारं.

तिनं काडी खाली ठेवली. म्हणली, "मले काऊन नाही विचारलं त्यानं?"

"भेत होता."

तिनं मांडीवरचं पान उचललं. मंग म्हणली, "वयनी, पंचात बुढ्यानं विचारलं तेव्हा मी लाजून चूप राहिली, असं वाटलं ना तुले? लाजली नाही. माझ्या मायनं बापाले दर वेळेस माफ केलं. मी लहान होती, कोपऱ्यातून पाहत होती. माफ केलं की बापाले हलकं वाटे. अन् हलकं वाटलं की चार दिवसांनी हात उठे. मी तेव्हाच ठरवलं, याले हलकं होऊ द्यायचं नाही."

एवढी सालं मी तुम्हा दोघांच्या घरी येत-जात राहिली अन् मले पत्ता नाही.

रुखमा पानाच्या शिरेवरून बोट फिरवत होती. म्हणली, "लय चांगला राहिला तो. पुन्हा कधी आवाज चढवला नाही. लेकींची लगनं माझ्या मनानं केली. दर साली मले वाटे, आता सांगून टाकावं. मंग भेव वाटे. म्हणू, एक साल अजून. एक साल अजून." तिचे डोळे भरून आले. "मी बी त्याले भेत होती, वयनी, अन् तो मले."

मंग तिनं पदरानं तोंड पुसलं अन् काडी उचलली. म्हणली, "तू त्याच्या खाटेजवळ बसून बोलत असते, मले ऐकू येते. आता जाशील तर सांग. कधीचंच केलं होतं, म्हणावं."